फकिराचा देवमासा

पूस धरणात देवमासा पाळावा, असं भर नसाबात उभं राहून सांगणारा माणूस आमच्या भागात एकच झाला. पळसखोरा तांड्याचा फकिरा राठोड. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. नायक बसते, कारभारी बसते, बायामाणसं बाजूले बसतात, अन् वाद मिटेपर्यंत कोनी ढुंगण उचलत नाई. तिथं लोकं वावराच्या धुऱ्यावर बोलतात, सोडचिठ्ठीवर बोलतात, कोनाच्या बकऱ्या कोनाच्या तुरीत घुसल्या त्याच्यावर बोलतात. देवमाशावर त्याच्या आधी कोनी बोललं नव्हतं.

पुसदच्या बसमधे पळसखोऱ्याचा माणूस चढला तं लोकं आजही इचारतात, "काबे, तुमचा मासा वाढला का नाई?" बाकीचे हासतात. पण तो काहून तसा बोलला हे इचारणारा मले अजून भेटला नाई. आमचं गाव अन् त्यायचा तांडा यायच्या मधात एक नाला आहे, अन् फकिरा माह्या बापाचा दोस्त. म्हणून मले मालूम आहे.

फकिरा अंगानं वाळलेला, कानात मुरक्या, चेहरा असा का हासला तरी भांडून राह्यल्यासारखा वाटे. वीस-पंचवीस बकऱ्या, थोडं मुरमाड वावर, अन् रामीबाई. रामीबाई त्याची बायको, तोंडानं लय तिखट. पण तांड्यात फकिराची जी काही किंमत होती ती बकऱ्यांची नाई अन् वावराची नाई. तो समनकाचे वाटे घाले. त्याचा बाप घाले, आजा घाले, मंग तो.

समनक म्हणजे देवीले बोकड. आखाडात मंगळवारी सारा तांडा शिवेवर जाते. तिथं सात दगड आहेत, त्या सात याड्या. याडी म्हणजे आई. बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडतात. त्यानं आंग झाडलं तं देवीनं घेतला. नाई झाडलं तं हात जोडून उभं राहा, कोनाचं काय चुकलं असन ते बोला, पुन्हा पाणी शिंपडा. अर्धा अर्धा दिवस बोकड नुसता उभा राह्यलेला मी नाल्याच्या या काठावरून पाह्यला आहे. एकदा कापला का रक्ताची सळोई एका गंजात शिजते, अन् मटनाचे वाटे पळसाच्या पानावर पडतात. जेवढ्या चुली तेवढी पानं. मुंडकं नायकाचं, ते सोडून बाकी सारं सारखं. कलेजीचा तुकडा, फोपशाचा तुकडा, मांडीचं, बरगडीचं, चरबीचं, साऱ्या पानावर सारं पायजे. फकिरानं या कामात तराजू कधी धरला नाई.

अन् बोकड एकच. ही त्यायची जुनी रीत. ज्यायनं एका जनावराचं खाल्लं ते एका तांड्याचे. मंग वर्षभर कोनाची म्हैस नाल्यात फसो का कोनाचं लेकरू तापो, ते एकमेकायच्या दारात उभे राहतात. फकिरा म्हणे, "आमच्या बैलायच्या पाठीवर मीठ होतं, धान्य होतं, तवापासून हे चालू हाय. तांडा रोज नव्या जागी असे, पण बोकड एक असे."

आता तांडा एका जागी आहे, अन् चुली मात्र सुटल्या. भाऊ वेगळे झाले का चूल वेगळी. सून भांडली का चूल वेगळी. घरकुल पायजे म्हणून चूल वेगळी. बोकड बिचारा तेवढाच राह्यला. फकिराच्या पानावर पयले ओंजळभर मटन पडे, ते मूठभर झालं, मंग बोटाएवढी बरगडी अन् तिच्यावर डोयात घालाएवढं मांस.

त्याच्यात फकिराची एक खोड. निम्म्या घराले कुलूप लागलं होतं. कोनी पुण्याकडं इमारतीच्या कामावर, कोनी सुरतले, गेले ते तिकडचेच झाले. फकिरा त्यायचाही वाटा काढे. पानाची पुडी करे अन् बंद दाराच्या कडीले पळसाच्या सालीनं बांधून येई. कोनी बोललं तं म्हणे, "कुलूप दाराले हाय, चुलीले नाई."

दिवस मावळला का कुत्रे उड्या मारून पुड्या ओढत. रामीबाई म्हणे, "आता कुत्र्यायच्या चुलीबी मोजून घे. दरसाल तेच जेवून राह्यले तुह्या हातचं."

त्या कुलपात एक कुलूप त्याच्या पोराचं. प्रेम. फकिराच्या भिंतीले भिंत लावून त्याचं घर, अन् तो पुण्यात ठेकेदाराकडं मुकादम. लेकरं तिकडंच झाली, तिकडच्या शाळेत गेली. पयले दिवाळीले येत, मंग एखाद्या लग्नाले, मंग फोन. फकिरा हे बोलत नसे. दर आखाडात प्रेमच्या कडीले पुडी बांधे अन् गाठ जरा घट्ट मारे.

देवमासा त्याले पुसदमधे भेटला. दीनानाथरावांच्या घरी. दीनानाथराव तहसीलमधून रिटायर झालेले अव्वल कारकून. त्यांचं वावर तांड्याले लागून आहे अन् त्याची देखरेख फकिराकडं. बाजाराच्या दिवशी फकिरा त्यांच्या ओसरीत बसून चहा पिये अन् टीव्ही पाहे. त्या रोजी टीव्हीत निळं पाणी अन् पाण्यातून डोंगर वर येऊन राह्यलेला.

"हे काय जनावर हो भाऊसाहेब?"

"देवमासा. जगातलं सगळ्यात मोठं जनावर. पंचवीस-तीस हत्ती एकीकडे आणि हा एकटा एकीकडे."

फकिरानं बशी तोंडापाशी तशीच धरली. "खातात का?"

"कोण, तो? तो समुद्रातले बारीक झिंगे खातो."

"तसं नाई. त्याले खातात का?"

आतून कुंदाताई, म्हणजे दीनानाथरावांच्या बायको, बोलल्या, "अहो, मी इथं नैवेद्याचं ताट वाढतेय. हे काय विषय काढले तुम्ही दोघांनी?"

दीनानाथराव आवाज खाली करून म्हणाले, "काही देशांत खातात. आपल्याकडे हात लावलास तर जेलात जाशील."

"एकात किती चुली जेवतीन?"

"अरे, पळसखोरा काय घेऊन बसलास! पुसद जेवेल. पुसद जेवून उमरखेडला डबे जातील."

"त्याच्या नावात देव आहे," कुंदाताई दारात येऊन म्हणाल्या, "आणि तुम्ही डबे भरा!"

"ताई, देवीलेच तं द्याचा हाय," फकिरा म्हणाला.

दीनानाथराव पोट धरून हासले. फकिरा हासला नाई. जाहिरात लागेपर्यंत तो त्या जनावराकडं पाहत राह्यला. मंग चहा ओठाले लावून म्हणाला, "एवढं मोठं मेल्यावर भांडन कोन करन, भाऊसाहेब?"

पुढच्याच मंगळवारी समनक होतं. बोकडानं पयल्याच पाण्यात आंग झाडलं, साऱ्यायले बरं वाटलं. फकिरानं पानं मांडली. शिवेवरून तांड्याच्या वाटेपर्यंत पानंच पानं. नवीन चुली जास्त होत्या अन् कलेजी मधातच सरली. फकिराले ते दिसलं होतं. शेवटच्या चार-पाच पानांवर त्यानं बरगडीचा एक जास्तीचा तुकडा टाकला अन् पानं झाकून देल्ली. वाटलं असन का निभून जाईन.

त्या शेवटच्या पानात रामलालचं पान होतं. रामलाल तरणा माणूस, ट्रॅक्टर चालवते, नुकताच बापापासून वेगळा झालेला. घरी बायको, दोन लेकरं. त्याच्या बायकोनं पान उघडलं अन् म्हणाली, आपली नवीन चूल, पयलाच वाटा, अन् त्याच्यात कलेजी नाई. नव्या चुलीवर पयले कलेजी भाजतात, त्यायच्यात तसं आहे. रामलाल पान घेऊन फकिराकडं निंगाला. रस्त्यात प्रेमचं घर. कडीले पुडी. त्यानं साल तोडली, पुडी उघडली. आत कलेजीचा चांगला मोठा तुकडा.

तिथूनच तो बोंबलला. "ओ फकिरा काका! कुलूप कलेजी खाते का?"

सारा तांडा जमा झाला. फकिरा भाइर आला, हातावरचं रक्त अजून धुतलं नव्हतं.

"थो प्रेमचा वाटा हाय. ठेव खाली."

"प्रेम हाय कुठं? प्रेमले दाखव! माहे लेकरं हाडूक चोखून राह्यले अन् तुह्या पोराचं दार मटन खाऊन राह्यलं."

"दार नाई खात. चूल हाय त्याची."

"त्या चुलीत सापानं अंडे देल्ले असन काका. जाऊन तं पाह्य."

रामलालचं चुकलं नव्हतं. फकिराचंही मुद्दाम नव्हतं. प्रेमचं पान त्याच्या पानाच्या बाजूले पडे, म्हणून त्यात कलेजी लवकर पडे. पण तीन पिढ्यात पयल्यांदा कोनी त्या घराले म्हणालं का तुमी आपल्याकडं ओढलं. फकिरानं स्वतःच्या पानातली कलेजी काढून रामलालच्या पानावर ठेवली. रामलालनं ती उचलून रस्त्यावर फेकली. कुत्र्यानं नेली.

शुक्रवारी नसाब बसलं. आमी कोर, म्हणजे तांड्याभाइरचे. आमाले त्यात बोलाचा हक्क नाई, पण लिंबाखाली बसून ऐकाले कोनी मना करत नाई. घनश्याम नायकानं रामलालले बोलाले सांगतलं. रामलालचं म्हणणं सरळ होतं. बंद घरं काढा. बोकड दोन करा, एक वरच्या आळीचा अन् एक खालच्या आळीचा. निम्म्या लोकायनं माना हालवल्या.

फकिरा उठला.

"दोन बोकड म्हणजे दोन तांडे. तसं कराचं असन तं करा. पण पयले माहं ऐका. एकच करा, मोठा करा."

"केवढा मोठा?" घनश्याम म्हणाला. "म्हशीचा हेला कापता का?"

"हेल्यानं काय होते. देवमासा करा."

कोनाले काही समजलं नाई. फकिरानं टीव्हीत पाह्यलेलं सांगतलं. हत्ती सांगतले, पुसद-उमरखेड सांगतलं. "समुद्र कायले पायजे? पूस धरन हाय नं. सरकार दरसाल माशाची बोटुकली सोडते त्याच्यात. त्याच्यातच एक पिल्लू सोडा म्हना याचं."

"त्याले खारं पानी लागते काका," रामलाल म्हणाला.

"मीठ टाका. लग्नाच्या भाजीत तं तुमी हात आखडत नाई."

"खाईन काय थो?"

"लहान हाय तवरी दूध पिते म्हने. दिवसाचं टँकरभर."

तांड्यातली सगळ्यात बुढी रुपीबाई. ती कोपऱ्यातून म्हणाली, "मंग माह्या म्हशीले आदी समजावून सांग रे बापू. थे माह्यासाठीच पान्हा चोरते, तुह्या माशाले कुठून देईन?"

हासणं सुरू झालं. घनश्याम नायकही मिशीत हासून राह्यला होता. "अन् फकिरा, पानी शिंपडल्यावर आंग झाडन का थो?"

"झाडलं तं धरन फुटन. नाई झाडलं तं तुमाले काय समजन? ओलाच तं हाय."

बाया पदर तोंडात घालून हासल्या. फकिरा थांबला नाई. त्याच्या आवाजात हासणं नव्हतं, पण लोकायले ते कसं दिसणार. तो म्हणे, मुंडकं रीतीपरमानं नायकाचं, घरात न्याले दोन भिंती पाडा लागतीन. चरबीचे दिवे तांड्यात वर्षभर जळतीन, लाइन गेली तं जाऊ द्या. बरगड्या उभ्या केल्या तं लग्नाचा मांडव होते. अन् कापाले कुऱ्हाड नाई, रामलालचा ट्रॅक्टर लावू, नांगर जोडून.

"माहा ट्रॅक्टर रक्तात फसन काका," रामलाल म्हणाला, अन् तोही हासला.

"फसू दे. अख्खा तांडा ढकलाले येईन." फकिरानं चारी बाजूनं पाह्यलं. "एकच जीव जाईन. आता पाहुना आला काप, जवाई आला काप, नवस केला काप, किती जीव जातात घरोघरी? एक कापा. अन् साऱ्या चुली जेवतीन. जुन्या, नव्या, कुलूप लागलेल्या, पुन्याच्या, सुरतच्या. कोनी कोनाच्या पानात पाह्यनार नाई. कोनाले कलेजी नाई भेटली तं म्हनाचं, ट्रॉली घेऊन ये बाप्पा, भरून ने. सरतच नाई तं वाद कायचा? मले सांगा, वाद कायचा?"

त्या वेळेस सारे हासून राह्यले होते. वरची आळी, खालची आळी, रामलालची बायको, कारभारी. रुपीबाई डोये पुसून राह्यली होती. इतक्या वर्षात मी त्या तांड्याले असं एका जागी हासताना पाह्यलं नव्हतं. फकिरा मधात उभा, अन् मले वाटते त्याले वाटलं का जमलं.

मंग घनश्याम नायक, माणूस वाईट नाई तो, गमछ्यानं तोंड पुसून म्हणाला, "हासनं झालं. आता ज्याच्या वाट्यावरून हे चालू हाय त्यालेच इचारू." अन् त्यानं खिशातून फोन काढला, प्रेमले लावला अन् साऱ्यायले ऐकू जाईन असा केला.

फकिरा म्हणाला, "कायले, नायक? थो कामावर असन." पण घंटी वाजून राह्यली होती.

"राम राम काका," प्रेमचा आवाज आला. मागं मिक्सरची घरघर. "साइटवर हाय. बोला लवकर."

"समनकाचा वाटा तुह्या दाराले बांधते तुहा बा. थो ठेवाचा का बंद कराचा?"

"कोनता वाटा?"

"समनकाचा रे. आखाडातल्या."

"अजून करता का तुमी थे?" मंग तो कोनाले तरी हिंदीत ओरडला, सळई तिकडं नोको टाकू म्हणून. "बंद करा काका. आमी कोन येतो तिकडं? घरचे मटनाच्या वासानं नाक दाबतात. कोनाले पायजे त्याले द्या थो. अन् बा ले म्हना, त्याच्यासाठी कोनासंगं भांडू नोको."

"बरं," घनश्याम म्हणाला.

"बा हाय का तिथं?"

घनश्यामनं फकिराकडं पाह्यलं. फकिरानं मान हालवली, नाई म्हण म्हणून.

"नाई," घनश्याम म्हणाला. फोन बंद झाला.

कोनी हासलं नाई. रामलाल जमिनीकडं पाहून राह्यला होता. फकिरा खाली बसला. मंग नायकानं निकाल देल्ला: बंद चुली काढल्या, पुढल्या आखाडापासून दोन समनक, वरचं अन् खालचं.

"अन् फकिरा, दोन्हीकडले वाटे तूच घालजो. तुह्यावर कोनाचा शक नाई."

"मले दोन नाई जमत," फकिरा म्हणाला.

घरी गेला तं रामीबाई भाकरी थापून राह्यली होती. नसाबातलं तिले तो घरी पोचाच्या आदीच समजलं होतं, तांड्यात बातमी माणसापेक्षा जोरात चालते. तरी तिनं इचारलं, "सोडला का मासा धरनात?" त्यानं हात धुतले अन् जेवाले बसला. तिनं गरम भाकरी त्याच्या ताटात टाकली.

पुढल्या आखाडात दोन बोकड कापले. सात दगडांच्या इकडून एक अन् तिकडून एक. पुसदवरून खाटिक आणला, त्यानं सेलवरचा वजनकाटा आणला, अन् पानाच्या जागी काळ्या पन्नीच्या पिशव्या. काम लवकर झालं. वाद झाला नाई. कलेजी साऱ्यायले भेटली, कारण पिशव्या निम्म्याच होत्या. लोकं खूश होते, अन् ते खोटं नव्हतं. लोकं म्हणे, हे आदीच काहून नाई केलं?

फकिराचं घर दोन्ही आळ्यांच्या मधात. वरच्यायले वाटलं, त्याचा वाटा खालचे देतीन. खालच्यायले वाटलं, वरच्यायनं देल्ला. संध्याकाळ झाली, साऱ्या घरांतून मसाल्याचा वास सुटला, अन् फकिराच्या चुलीवर काही आलं नाई. कोनी मुद्दाम केलं नव्हतं. मुद्दाम केलं असतं तं तो जाऊन भांडला असता. दुसऱ्या दिवशी कोनाच्या ध्यानात आलं असन तरी उरलं काय होतं द्याले? तो मांगाले गेला नाई. जो साऱ्यायचं पान मांडे त्यानं आपलं पान कोनाले मांगाचं, हे त्याच्या तोंडून निंगणारं नव्हतं.

रविवारी मी नाल्यावरच्या पंपाचा पट्टा मांगाले त्याच्या घरी गेलतो. तो पुसदवरून नुकताच आलता. खुंटीले काळी पिशवी. पन्नास वर्षं मटन वाटणाऱ्या माणसानं इकत आणलेलं ते पयलं मटन. मले म्हणाला, थांब, जेवून जाय.

रामीबाईनं पिशवी परातीत उलटी केली. बोटानं तुकडे इकडं-तिकडं केले.

"कोनाघरचा बोकड हाय?"

"मालूम नाई."

"बाकीचे वाटे कोनाकडं गेले?"

फकिरा खाटेवर बसून चपलेतला काटा काढून राह्यला होता. "दुकान हाय थे," तो म्हणाला. "तिथं इचारत नाई. शिजव."

तिनं शिजवलं. आमी तिघं जेवलो. चांगलं झालतं, तिखट जरा जास्त. फकिरानं दुसऱ्यांदा घेतलं, हाडं चोखून ताटाच्या कडेले लावली, अन् जेवण होईपर्यंत ना माह्या ताटात पाह्यलं ना रामीबाईच्या.